पुराचे फोटो पुढं पाठवायचे का? सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

(टिळकवाडी, बेळगाव. जुलै महिना, कृष्णेला पूर.)

वैशाली, सी-१०२: भावानं पाठवलेले फोटो काल मी इथं टाकले होते, काय काय सामान लागेल ते कळावं म्हणून. त्यात आईला खिडकीतून होडीत उतरवतानाचा एक होता. आज तोच फोटो पुण्याच्या नणंदेकडून मला परत आला. वर कुठल्याशा पेजचं नाव, खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड. इथून कोण पाठवलं?

प्रकाशअण्णा, ए-३०१: मी पाठवलो. दोन-चार ग्रुपवर. खरं तो कोड मी घातलो नाही हां. लोकांना कळू दे म्हणून पाठवलो की. टीव्हीवाले सांगली-कोल्हापूर दाखवतात. आमच्या चिकोडी-कागवाडकडं कोण बघतंय?

शोभाआक्का, बी-१०१: अण्णांचं काय चुकलं? २०१९ ला फोटो फिरले म्हणून तर टेम्पो भरभरून मदत गेली.

वैशाली, सी-१०२: गेली, मी कुठं नाही म्हणते. खरं आक्का, त्यात आईच्या डोक्यावर पदर नाही. लुगडं भिजून अंगाला चिकटलंय. पाव्हण्यासमोर कधी डोकं उघडं न टाकणारी बाई ती. आई सुखरूप आहे, रडू नको, एवढं मला सांगायला भावानं तो काढला. इथं टाकताना आपली सोसायटी म्हणून टाकला.

रोहन, बी-४०१: काकू, असे फोटो जगभर गाजतातच की. २००४ च्या त्सुनामीनंतर कडलूरला एक बाई वाळूवर पडून रडतेय, तो अर्को दत्तांचा फोटो. त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार आहे.

देसाई वकील, बी-२०४: रोहन, दत्त वृत्तसंस्थेचे फोटोग्राफर होते, त्यांच्या नावानिशी तो छापला गेला. बरोबर-चूक यावर तिथंही वाद घालता येईल. इथं तर घरच्यानं घरच्यांना पाठवलेला फोटो आहे.

कायद्याचं विचाराल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणाराच सहसा मालक. कॅमेरा असो वा मोबाइल. ग्रुपवर आला म्हणजे सगळ्यांचा झाला, असं नाही. हैतीत जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला तेव्हा तिथलेच फोटोग्राफर डॅनियल मोरेल यांनी पहिल्या काही तासांत ट्विटरवर फोटो टाकले. दुसऱ्याच एकानं ते स्वतःच्या नावावर खपवले, एएफपी या वृत्तसंस्थेनं उचलले आणि फोटो विकणाऱ्या गेटी कंपनीमार्फत जगभर गेले. मोरेल न्यूयॉर्कच्या कोर्टात भांडले. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्यूरीनं १२ लाख डॉलर भरपाई ठरवली.

आता वैशालीचा भाऊ काही कोर्टात जाणार नाही. आणि मला खटकतं ते वेगळंच. हा कायदा फोटो काढणाऱ्याला विचारा म्हणतो. होडीत बसलेल्या आईला विचारा असं त्यात कुठंही नाही. ते आपलं आपल्यालाच बघायला पाहिजे.

सेक्रेटरी: मध्येच लिहितोय, माफ करा. उद्या ११ ते १ टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.

बसवराज सर, ए-१०४: आमच्या गोकाकच्या घराचं सांगतो. २०१९ ला घटप्रभेचं पाणी शिरून मागची भिंत गेली. पूर्ण पडलेल्या घराला सरकार ५ लाख देणार, नुकसान बघून घरांना ए, बी, सी असे गट. पंचनाम्याला पुरावा पाहिजे म्हणून भिंतीचा फोटो मीच काढलो. तो कुठून कसा बाहेर गेला काय की. अजून जुलै आला की फिरतोय, "आत्ताची बातमी" म्हणून. धारवाडचे पाव्हणे दचकून फोन करतात, "सर, परत पडलं काय घर?"

देसाई वकील, बी-२०४: हे सगळीकडं चालतंय सर. म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं टीव्ही वाहिन्यांना सांगितलं की आपत्तीच्या दृश्यांवर तारीख-वेळ ठळक दाखवा. व्हॉट्सॲपवर कोण दाखवतंय?

प्रकाशअण्णा, ए-३०१: मग काय फोटोच पाठवायचे नाहीत? असं गप्प बसलं तर बेंगळूरला कोण ऐकणार आमचं?

वैशाली, सी-१०२: पाठवा की अण्णा. पाणी दाखवा, पूल दाखवा, बुडालेला ऊस दाखवा. तारीख आणि गाव लिहा. माणसाचा असेल तर आधी त्याला विचारा. घरांचे तर नकोच. सगळी गल्ली काळजी केंद्रात, म्हणजे सरकारच्या निवारा छावणीत आहे. कुलूप घातलेल्या घराचा फोटो गावाच्या नावासकट फिरला तर चोराला घरपोच पत्ता मिळाला.

रोहन, बी-४०१: चेहरा ब्लर केला तर?

वैशाली, सी-१०२: अरे, गावात माणसं पाठीवरून ओळखतात. होडी कुणाची तेसुद्धा सांगतील.

शोभाआक्का, बी-१०१: विचारायचं म्हणतेस, खरं पाण्यात असलेल्या माणसाला कसं विचारायचं गं? फोन लागायला नको?

वैशाली, सी-१०२: नाही लागला तर थांबायचं. गावाचं नाव आणि काय पाहिजे ते लिहून पाठवायला फोटो लागत नाही.

शोभाआक्का, बी-१०१: नुसतं लिहिलेलं कोण वाचतंय? फोटो बघितल्याशिवाय हात खिशात जात नाही लोकांचा. वाईट वाटलं तरी तसंच आहे ते.

देसाई वकील, बी-२०४: आक्कांचं खोटं नाही. तेवढ्यावरच तो क्यूआर कोडवाला जगतोय. वैशाली, कुणी पैसे पाठवले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायला सांग. आणि कोडचा स्क्रीनशॉट ठेव.

वैशाली, सी-१०२: भावाचा फोन लागला आत्ता. तो म्हणतो, यडूरकडचा कल्लोळचा पूल बुडालेला आणि रस्त्यावर बांधलेली गुरं, हे दोन कुठंही पाठवा, त्याचं नाव घालून. वैरण संपलीय, ते सांगा. आईचा तेवढा काढा.

प्रकाशअण्णा, ए-३०१: माझ्या ग्रुपवरनं काढलो. पुढं गेलेला माझ्या हातात नाही. त्या पेजवाल्याला मेसेज टाकलोय, बघितलाय, खरं उत्तर नाही.

शोभाआक्का, बी-१०१: वैरण म्हणजे कडबा घ्यायचा की उसाचं वाडं?

बसवराज सर, ए-१०४: कडबा घ्या. तिकडचं वाडं गाळानं भरलेलं असतं, गुरं तोंड लावत नाहीत.

प्रकाशअण्णा, ए-३०१: कडबा मी बघतो. टेम्पोवाला ओळखीचा हाय, सकाळी ७ ला गेटवर येतो. तिथं उतरवताना फोटो काढू काय?

वैशाली, सी-१०२: कडब्याचा काढा की.