फोन वाजला की इंटरनेट जाते

रेडिंगहून
विषय: घरचा फोन आणि ब्रॉडबँड, सल्ला हवा आहे

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

गेल्या तीन आठवड्यांपासून आमच्या घरी एक चमत्कारिक प्रकार चालला आहे. दर शनिवारी सकाळी साताऱ्याहून आई लँडलाइनवर फोन करते (व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे तिला मानवत नाही, आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो म्हणते), आणि दुसरी घंटा वाजेपर्यंत राउटरचा दिवा लुकलुकू लागून इंटरनेट बंद पडते. मी फोन उचलून बोलत राहिले, तर पाच-सात मिनिटांत ते आपोआप परत येते आणि बोलणे चालू असेपर्यंत टिकतेही. पाऊस असला की लाइनवर कढईत पापड सोडल्यासारखी खरखर येते.

कंपनीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा राउटर बंद करून चालू करायला सांगितले आणि त्यांच्या चाचणीत लाइन निर्दोष असल्याचे कळवले. आता इंजिनिअर पाठवतो म्हणतात, पण दोष घराच्या आतल्या वायरिंगमध्ये निघाला तर भेटीचे पैसे आम्हाला भरावे लागतील. त्याला होकार देण्याआधी घरच्या घरी काय तपासून घ्यावे, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?

कार्डिफहून

ताई, २०२० साली आमच्या वेल्समधल्या अबरहोसान गावाची बातमी आली होती. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता गावाचे ब्रॉडबँड कोलमडत असे, आणि अखेर शोध लागला तो एका घरातल्या जुन्या टीव्हीचा. तो सकाळी लावला की त्याच्या विद्युत गोंगाटाने सगळ्यांच्या लाइन गुदमरत. तुमच्याकडे किंवा शेजारी असे एखादे जुने उपकरण नाही ना?

लेस्टरहून

ताई, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात टेलिफोन खात्यात बरीच वर्षे काढली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. टीव्हीचा किस्सा खरा आहे, परंतु तो बिघाड घड्याळावर चालत होता आणि तुमचा घंटेवर चालतो, तेव्हा शेजाऱ्यांचे टीव्ही तूर्त राहू द्या. फोन उचलल्यावर इंटरनेट परत येते, ही तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ आहे.

फोन जागेवर असतो तेव्हा तांब्याच्या तारांच्या जोडीवर सुमारे ५० व्होल्टचा दाब असतो, पण प्रवाह जवळजवळ नसतो. घंटा वाजवण्यासाठी एक्स्चेंज पाऊणशे व्होल्टच्या आसपास उलटसुलट दाब पाठवते, आणि आपण फोन उचलला की वीस-तीस मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह सुरू होतो. वाटेतला एखादा जोड गंजलेला असेल, तर त्याच्यावर चढलेल्या पापुद्र्याचा रोध या प्रत्येक अवस्थेत वेगळा पडतो: घंटेच्या दणक्याने तो एकदम बदलतो आणि राउटरमधल्या मोडेमची पकड सुटते, उलट बोलताना वाहणारा स्थिर प्रवाह त्या जोडाला तेवढ्यापुरते वठणीवर आणतो. आवाजाला ३४०० हर्ट्झपर्यंतचीच जागा लागते, म्हणून खरखरीसह का होईना बोलणे होते. ब्रॉडबँड त्याच जोडीवर २५ किलोहर्ट्झच्या वरून सुरू होऊन तुमच्यासारख्या लाइनवर १७ मेगाहर्ट्झपर्यंत जाते, आणि त्याला असला जोड खपत नाही. पुण्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर डीपी बॉक्स (घराघरांच्या लाइन जिथे जोडतात ते डबे) उघडले की निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच सापडायचे.

तरीही आधी फिल्टरचा संशय दूर करा, कारण बिघडलेला मायक्रोफिल्टरही (एकाच लाइनवरचे फोन आणि इंटरनेट वेगळे करणारी छोटी डबी) घंटेसरशी इंटरनेट पाडतो. फक्त त्याला पावसाशी देणेघेणे नसते, म्हणून माझा त्याच्यावर फारसा संशय नाही. लाइन घरात जिथे प्रथम शिरते तिथला मुख्य सॉकेट शोधा. त्याची खालची अर्धी पट्टी दोन स्क्रूंवर असते. ती काढली की घरातले सगळे वाढीव सॉकेट तुटतात आणि आत चाचणीसाठीचा सॉकेट दिसतो. तिथे साधा तारेचा फोन लावा. कॉर्डलेस नको, कारण त्याचा तळच कधीकधी गुणगुणतो आणि आपण उगाच लाइनला दोष देतो. मग १७०७० फिरवून दुसरा पर्याय निवडा. ही शांत लाइनची चाचणी आहे; ध्वनिमुद्रित घोषणा मधूनमधून येत राहील, पण घोषणांच्या मधल्या काळात काहीही ऐकू येता कामा नये. ही चाचणी शक्यतो पाऊस पडत असताना करा. त्यानंतर त्याच सॉकेटमध्ये कोरा फिल्टर घालून फोन आणि राउटर दोन्ही जोडा व मोबाइलवरून घरच्या नंबरला फोन करा. खरखर तशीच राहिली आणि राउटर पुन्हा पडला, तर दोष त्या सॉकेटच्या पलीकडचा, म्हणजे तुमच्या खर्चाचा नव्हे.

आता महत्त्वाचे. तक्रार इंटरनेटची म्हणून नोंदवू नका, फोनवर खरखर आहे अशीच नोंदवा. ब्रॉडबँडची चाचणी बहुतेकदा त्या घटकेला मोडेम जोडलेला आहे की नाही एवढेच पाहते, आणि घंटा वाजत नसताना तुमचा मोडेम जोडलेलाच असतो. आणि कोणीही सांगितले तरी राउटर वारंवार बंद-चालू करू नका. पलीकडची स्वयंचलित यंत्रणा ती प्रत्येक तुटण्याची नोंद घेते आणि लाइन अस्थिर समजून तुमचा वेग आणखी खाली उतरवते.

रेडिंगहून

काका, सादर नमस्कार.

तारेचा फोन शेजारच्या आजींकडून उसना आणला आणि मंगळवारी भर पावसात तुम्ही सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. खरखर इतकी स्पष्ट होती की मुलाने ती पलीकडच्या खोलीतून ऐकली. नवा फिल्टर लावूनही मोबाइलवरून घंटा वाजवताच राउटर पडला. तेवढे शब्द जुळवून आवाजाची तक्रार नोंदवली, तेव्हा भेटीच्या पैशांचा विषय कोणी काढलाही नाही. ठरलेल्या दिवशी मात्र कोणीच आले नाही, आणि मी कामावरून घेतलेली रजा फुकट गेली.

दुसऱ्या तारखेला आलेले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी आमच्या सॉकेटवर मोजमाप घेतले, मग पदपथावरचे लोखंडी झाकण उचलले. आत वीतभर पाणी साचलेले होते. थोड्या वेळाने त्यांनी हातमोज्यावर ठेवून एक तुकडा दाखवला: बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा जोड, त्यातून डोकावणारी तार मोरचुदासारखी हिरवी, आणि त्यांनी नखाने टोकरताच ती तुटूनच आली. नवे जोड घातल्यावर १७०७० वर अगदी शांतता होती. शनिवारी आईचा फोन वाजला आणि राउटर जागचा हलला नाही.

त्यांनी बेडरूमच्या सॉकेटमधली तीन क्रमांकाची नारिंगी तारही काढली. तिचा आता उपयोग नाही आणि ती अँटेनासारखा गोंगाट गोळा करते, असे म्हणाले. हे बरोबर आहे का? शिवाय पूर्वी ३८ मेगाबिट मिळत असे, बिघाडात ते १९ वर आले होते, आणि दुरुस्तीला दोन दिवस झाले तरी २१ च्या पुढे जात नाही.

लेस्टरहून

ताई, वाचून बरे वाटले.

तारेबद्दल ते म्हणाले ते बरोबर आहे. ती जुन्या फोनची घंटा वाजवण्यासाठी असे. लाइन चालते ती दोन आणि पाच क्रमांकांवर. वेगाची घाई करू नका. मघाची स्वयंचलित यंत्रणा लाइन स्थिर झाल्याची खात्री पटेपर्यंत बंधने सैल करत नाही, आणि त्याला आठवडा-दीड आठवडाही लागू शकतो. तोवर राउटर रात्रीसुद्धा चालू ठेवा. दोन आठवड्यांनंतरही आकडा हलला नाही, तर बंधने मुळापासून काढून टाकण्याची विनंती कंपनीकडे करा.

चुकवलेल्या भेटीची भरपाई मागा. ऑफकॉमची (इथल्या दूरसंचार नियामक संस्थेची) स्वयंचलित भरपाई योजना १ एप्रिल २०१९ ला सुरू झाली तेव्हा अशा भेटीसाठी २५ पौंड ठरले होते, नंतर रक्कम वाढत गेली आहे. सगळ्या कंपन्या योजनेत नाहीत, तेव्हा तुमची आहे का ते आधी बघा. इंटरनेट येऊन-जाऊन होते, पूर्ण बंद नव्हते, म्हणून दिवसांच्या हिशेबाने मिळणारी भरपाई बहुधा लागू होणार नाही.

जुने टेलिफोन जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायचे आहे. त्यानंतर आईंचा फोन राउटरमधून येईल आणि घरातली वीज गेली की तोही जाईल. ज्या आजींनी तुम्हाला फोन दिला त्यांच्याकडे गळ्यातले आपत्कालीन बटण असेल, तर ते नव्या लाइनवर चालते का आणि वीज गेल्यास बॅटरी मिळेल का, हे त्यांच्या कंपनीला आताच विचारायला सांगा.

आणि ती नारिंगी तार कापू नका, गुंडाळून सॉकेटमागे ठेवा. घरात एखादा जुना फोन असेल आणि तो वाजेनासा झाला, तर ती परत जोडावी लागेल.