लढाईत उतरलेल्या आबाजींना ऐंशी पूर्ण होतात, गावात सत्कार कसा करावा? तुमचे अनुभव लिहा

१९७१ च्या युद्धात पंचविशीत असलेले जवान आता ऐंशीच्या घरात आहेत. विदर्भातल्या गावांत ज्यांनी असे सत्कार उभे केले, त्यांनी नेमकं सांगावं: काय करायचं, काय टाळायचं.

माजी सुभेदार, अचलपूर तालुका
पत्रिका छापण्याआधी डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं नोंदपुस्तक, पाहा. हुद्दा, रेजिमेंट, जन्मतारीख तिथूनच घ्या. गाव प्रेमानं सगळ्यांनाच 'मेजर' म्हणतं, पण बॅनरवर हवालदाराचा मेजर करू नका. त्यांनी कमावलेला हुद्दा हवालदाराचा आहे आणि तोच मोठा आहे.

मेडल चिंचेनं किंवा राखेनं घासू नका. कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, ते झिजतं. कोरड्या सुती कापडानं पुसा, बस. रिबीन विटली असेल तर छावणीजवळच्या शिंप्याकडून नवी बसवून घ्या. मेडल डाव्या छातीवर लागतात आणि मानानं वरचं छातीच्या मध्याकडे येतं. १९६५ चा समर सेवा स्टार, मग १९७१ चा पूर्वी किंवा पश्चिमी स्टार, त्यानंतर रक्षा मेडल, संग्राम मेडल. पूर्वी स्टार असेल तर ते पूर्व आघाडीवर होते. सूत्रसंचालकानं हे आधी वाचावं, म्हणजे ढाक्याकडच्या जवानाला पश्चिम आघाडीवरच्या लोंगेवालाला पाठवलं जाणार नाही.

जयघोषही रेजिमेंटचाच हवा. महार रेजिमेंट 'बोलो हिंदुस्तान की जय', मराठा लाइट इन्फंट्री 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय', कामठीला केंद्र असलेली गार्ड्स 'गरुड का हूँ बोल प्यारे'. माईकवरून तो बरोबर आला की वाकलेली पाठसुद्धा ताठ होते.

ग्रामपंचायतीचं काम पाहणारा, पुसदकडचा
त्या पिढीत कागदावरचा वाढदिवस पुष्कळदा १ जून किंवा १ जुलै असतो, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेला. घरचे तिथी वेगळी सांगतात. सोहळा घरच्या तिथीला करा, पण पेन्शन नोंदीतल्या तारखेवर चालते. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. ही वाढ खात्यात दिसते का, ते त्याच आठवड्यात पासबुकावर तपासा. दिसत नसेल तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधारावरची जन्मतारीख जुळवून पाहा, अडकतं ते तिथंच. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. हयातीचा दाखला ऐंशीच्या वरच्यांना नोव्हेंबरची वाट न पाहता ऑक्टोबरपासून देता येतो. माजी सैनिकाच्या घराला मालमत्ता करातून सूट आहे. तो ठराव सत्काराच्याच ग्रामसभेत घेतला तर शाल-नारळापेक्षा जास्त कामाचा.

शिक्षिका, दर्यापूर तालुका
तिरंगा टेबलावर अंथरायचा नाही, शाल म्हणून पांघरायचा नाही, त्यावर नाव छापायचं नाही. ध्वजसंहितेत हे स्पष्ट आहे. व्यासपीठावर काठीवर लावायचा असेल तर वक्त्याच्या उजव्या हाताला. तिरंग्याचा केक तर नकोच, त्यावर सुरी चालवायची कशी? राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. आबाजी उभे राहणारच, कितीही सांगा. म्हणून हात असलेली जड लाकडी खुर्ची द्या आणि शेजारी नातू उभा करा. प्लास्टिकची खुर्ची टेकू घेताच सरकते.

मंडप-साउंडवाला, उमरेड
जूनचा कार्यक्रम असन तं सकाळी ८ ते ९.३०, नाहीतर सांजच्याला ६ नंतर. पाऊस पडला की पेरणी लागते, माणूस भेटत नाही. स्पीकर आबाजींच्या पाठीमागं नको, कानातलं मशीन शिट्टी मारते. डीजे नको, लडी तर बिलकुल नको. फटाक्यानं काही म्हातारे जवान दचकतात, त्यायले विचारून घ्या. लाइनचा भरोसा नाही, इन्व्हर्टर ठेवाच.

गृहिणी, आर्वी
८१ व्या वर्षात सहस्रचंद्रदर्शन करतात. हजार पौर्णिमा मोजल्या तर साधारण ८० वर्षं १० महिने होतात. ८१ कणकेच्या दिव्यांना एक किलो कणीक पुरते. घट्ट मळा, हळद घाला, दहा मिनिटं वाफवा. सैल मळली तर दिवे बसतात आणि तूप गळतं. फुलवाती आदल्या रात्री तुपात भिजवून ठेवा. ओवाळताना पंखा बंद, आणि ताट दोन हात लांब. ८१ ज्योतींची झळ चेहऱ्याला लागते. आधी पत्नीला शेजारी बसवा. त्या जिवंत असतील तर सत्कार दोघांचा, कारण घर त्यांनी सांभाळलं.

आचारी, चिखली
शंभर पानांना तांदूळ ९ किलो, तूरडाळ ४, कणीक १२, वांगी १५ किलो. आबाजींना मऊ वरण-भात अगोदर वाढा, त्यांच्या गोळ्यांची वेळ विचारून. पाहुण्यांची भाषणं लांबतात, म्हणून जेवण भाषणाच्या आधी.