लष्करी अळी काय सूत्र बघून येते का?

पलूसचा मळेकरी: परवा गावात एक साहेब पीपीटी घेऊन आलेले, म्हणे किडीचा प्रसार म्हणजे पाण्यात शाईचा थेंब, गोल गोल पसरत जाणार, फिशर नावाच्या शास्त्रज्ञाचं १९३७ चं सूत्र हाय त्याला. मग २०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्याला सापडलेली अळी सप्टेंबरात आपल्या सांगली जिल्ह्यात उसावर कशी ओ? तीनशे किमीच्या वर अंतर हाय. मी मक्याचा पोंगा, म्हंजे शेंड्याची गुंडाळलेली पानं, उघडला तर आत भुशासारखी विष्ठा भरलेली, तवा कुणी नकाशा दाखवला न्हाई. रोज पोंगा बघा, मॉडेल कॉलेजात ठेवा.

आकडेमोड_मिरज: दादा, शाईचा दाखला फसला म्हणून गणित फसलं होय? १९०५ ला प्रागजवळ मस्करॅट नावाचे पाणउंदीर सोडलेले, १९५१ ला स्केलम नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांचे नकाशे मोजले तर व्यापलेल्या क्षेत्राचं वर्गमूळ वर्षागणिक जवळपास सारखंच वाढत गेलेलं, म्हणजे शाईसारखंच एका वेगानं. थोडं थोडं सरकणाऱ्याला फिशर चालतो. ह्या अळीचा पतंग वाऱ्यावर एका रात्रीत शंभर किमी जाऊ शकतो. असे लांब जाणारे मोजकेच का असेनात, तेच पुढं नवं ठाणं करतात, मग पसरायचा वेग स्थिर न राहता वाढत जातो. त्याचंही गणित आहे, साहेबांनी ती स्लाईड गाळली असेल 😄

वाळव्याचा ऊसवाला: हुमणीला, म्हंजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीला, शाई बरोबर लागू पडते बघा. वळीव पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी बांधावरच्या बाभळीवर, कडुनिंबावर, आणि अंडी तिथंच आसपास. माझ्यात बांधाकडनं दरसाल चार सऱ्या आत सरकलीय.

पलूसचा मळेकरी: असू दे, पण माझा फवारा वाचतो का त्यानं?

आकडेमोड_मिरज: फिशरच्या सूत्रात पसरायचा वेग किडीची संख्या वाढायच्या दराच्या वर्गमुळावर चालतो, म्हणजे फवारून तो दर पाव केला तरी वेग निम्माच होतो. एकट्यानं फवारून कीड पुढं सरकायची थांबत नाही, सगळ्या शिवारानं एका वेळी करायला पाहिजे.

पलूसचा मळेकरी: ताई, आमच्यात ग्रामसभेला कोरम भरत न्हाई 😂

आकडेमोड_मिरज: मग निदान कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासानं नर ओढणारा सापळा) पतंग मोजून गटनंबरासकट ग्रुपवर टाका, नकाशा मी काढते.

पलूसचा मळेकरी: म्हणजे मोजायचं आमीच की!