पोस्टरवर सगळ्यांचे फोटो?

एकांकिकेच्या पोस्टरवर नऊही कलाकारांचे फोटो घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : नकोत. येता-जाता माणूस दोन क्षण बघतो, तेवढ्यात नाटकाचं नाव कळलं पाहिजे. नाटकातली एखादी वस्तूच निवडा. बडोद्यात कॉलेजात असताना आम्ही नुसती रिकामी खुर्ची लिनोवर, म्हणजे ठसा उमटवायच्या मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरली होती. काळा आणि लाल, दोनच रंग, सगळं हाताने छापलेलं. (लिनोवर अक्षरं उलटी कोरायची, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगा.)

आमच्याकडे मराठी नाटकाला गुजराती मित्रमंडळीही येतात, म्हणून तारीख, वेळ, जागा दोन्ही लिप्यांत द्यायचो. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे देवनागरीशेजारी ती ओळ खालीवर झाल्यासारखी दिसते. तिथे मोजपट्टीवर विसंबू नका, डोळ्यांनी जुळवा. मला तर हे काम फार आवडायचं.

संगणकावर करणार असाल तर ए३ आकाराला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला दाबलेला फोटो तिथे फुटतो. पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा छपाईत मंद होतो, तेव्हा आधी एकच प्रत काढून बघा.

आणि नावं सगळ्यांची घाला, प्रकाशयोजना आणि नेपथ्यवाल्यांचीसुद्धा.