कार्बन असूनही कार्बन डायऑक्साइड असेंद्रिय का?

प्रश्न : सेंद्रिय संयुगांत कार्बन असतो आणि असेंद्रिय संयुगांत तो नसतो, असे सर्रास सांगितले जाते. मग कार्बन डायऑक्साइड, धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आणि कॅल्शियम कार्बाइड यांची गणना असेंद्रिय संयुगांत का होते? काही जण रेणूत कार्बन-हायड्रोजन बंध असणे ही कसोटी मानतात. ती पुरेशी आहे का?

प्रतिसाद १ : बहुतेक वेळा ती लागू पडते, पण नेमकी युरियापाशी अडते. युरियातील चारही हायड्रोजन अणू नायट्रोजनला जोडलेले असतात, कार्बनला एकही नाही. तरीही त्याला असेंद्रिय कोणी म्हणणार नाही, कारण या शाखेच्या इतिहासात त्याचे स्थान मानाचे आहे. सजीवांतील पदार्थ घडण्यासाठी ‘जीवनशक्ती’ लागते असा समज रूढ असताना, १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक व्होलर यांनी अमोनियम सायनेट या असेंद्रिय क्षारापासून युरिया मिळवला. दोहोंत अणू तेच आणि तितकेच. बदलते ती केवळ त्यांची मांडणी. पुढे सजीव की निर्जीव अशा उगमावरून केलेली विभागणी मागे पडली, नावे मात्र तीच राहिली.

प्रतिसाद २ : व्याख्येपेक्षा वर्तन पाहावे, असे माझे मत आहे. परीक्षानळीत साखर तापवली, तर ती वितळते, तपकिरी होते, नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि तळाशी काळा कार्बन उरतो. त्याच ज्योतीवर मीठ फार तर तडतडते, पण पांढरेच राहते. मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस आहे, तर डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थलीनचा सुमारे ८०, कारण मिठात आयनांची (विद्युतभारित कणांची) बळकट जाळी असते आणि नॅप्थलीनचे रेणू एकमेकांना क्षीण बलांनीच धरून असतात. अर्थात हाही सरसकट नियम नव्हे : सोडियम ॲसिटेट सेंद्रिय असूनही आयनिक आहे, आणि पाणी सहसंयुज (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले) असूनही असेंद्रिय.

प्रश्नकर्ता : म्हणजे कार्बोनेट आणि कार्बाइड केवळ संकेतामुळे वगळले जातात?

प्रतिसाद १ : संकेत आहे, परंतु निराधार नाही. सेंद्रिय रसायनशास्त्राचा विस्तार झाला तो कार्बनचे अणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या आणि वलये तयार करतात म्हणून. कार्बन डायऑक्साइड आणि कार्बोनेट यांत कार्बनला कार्बन जोडलेलाच नसतो, शिवाय कार्बोनेट खनिजांसारखे वागतात. कॅल्शियम कार्बाइडमध्ये मात्र कार्बनच्या जोड्या असतात, आणि त्यावर पाणी टाकताच ॲसिटिलीन हा सेंद्रिय वायू बाहेर पडतो. तिथे हा संकेत सर्वांत लंगडा वाटतो, हे मान्य करायला हवे.