पुढची काच कंपनीचीच का? ‘शिक्क्याचे पैसे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

घाटवाट
परवा ‘रोजचा_प्रवासी’ यांनी लिहिलं की गाडीची पुढची काच फुटल्यावर सर्व्हिस सेंटरला जाणारे लोक नुसते कंपनीच्या शिक्क्याचे पैसे मोजतात. काच त्याच कारखान्यातून येते, बाहेर निम्म्यात बसते, बाकीची भीती डीलरने घातलेली. खाली सगळ्यांनी ‘अगदी बरोबर’ म्हणून रांग लावली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मीही हेच मानून चाललो होतो. गेल्या मे महिन्यात चाकण-तळेगाव रस्त्यावर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि ड्रायव्हरच्या बाजूला रुपयाएवढा तारा उमटला. दोन दिवस उन्हात गाडी तापली, वरून एसी लावला, तशी त्याची रेघ पार पलीकडच्या टोकाला गेली. सर्व्हिस सेंटरने ११,८०० सांगितले, बाहेर ५,५००. बाहेर गेलो. दीड तासात काच बसली, लगेच गाडी घेऊन घरी आलो.

पहिल्याच रात्री समोरच्या प्रत्येक गाडीचा दिवा दोनदा दिसायला लागला. एक खरा, त्याच्या जरा वर दुसरा फिकट. वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डोळे तपासून आलो, नंबर तोच. मग दिवसा सोसायटीच्या गेटसमोर गाडी लावली आणि सीटवर बसून मान हळूहळू खाली-वर केली. गेटचे सरळ गज काचेच्या खालच्या भागातून सापासारखे वळवळत होते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि डाव्या पिलरच्या आतून पाणी उतरलं. मॅटखाली बोट घातलं तर फोम निथळत होता. तो कुबट वास दिवाळीपर्यंत गेला नाही. शेवटी ती काच काढून कंपनीची बसवली. एकूण १७,३०० गेले.

पुढची काच म्हणजे नुसता वाऱ्याचा आडोसा नाही. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लॅस्टिकचा पडदा असतो, म्हणून ती फुटली तरी अंगावर येत नाही. गाडी उलटली तर छपराचा भार पेलायला ती मदत करते. शेजारच्या सीटची एअरबॅग बहुतेक गाड्यांत याच काचेला टेकून माणसासमोर उभी राहते. अशा जागी पैसे वाचवायचा सल्ला चारचौघांत देताना विचार करावा, एवढंच म्हणणं आहे.

रोजचा_प्रवासी
माझं नाव घेऊन लिहिलंत म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी ‘कुठलीही स्वस्त काच घ्या’ असं कुठे लिहिलंय? मी लिहिलं होतं, त्याच उत्पादकाची, गाडीच्या कंपनीचा लोगो नसलेली काच घ्या. सें-गोबेंच्या सेकुरिटचे कारखाने भोसरीत आणि चाकणला आहेत. काच बनवणाऱ्या असाही इंडियामध्ये (एआयएस) तर मारुतीचीच भागीदारी आहे. गाडीची कंपनी स्वतः काच ओतत नाही, हे तरी मान्य आहे ना? लोगो छापला की किंमत वाढते, नाही छापला की कमी होते. तुमच्या त्या ५,५०० च्या काचेवर कोणाचा मार्क होता, ते आधी सांगा. मग बोलू.

घाटवाट
आयएसआय होतं एवढं आठवतं. उत्पादकाचं नाव पाहिलं नाही. पण सामान्य माणसाने दुकानात उभं राहून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचायची का? त्याला ‘सेम टू सेम आहे साहेब’ असं सांगितलं जातं आणि तो विश्वास ठेवतो. कंपनीची काच घेतली की हा प्रश्नच येत नाही.

रोजचा_प्रवासी
वाचायची. टायर घेताना तारीख वाचता, औषधाची वाचता, मग काचेची का नाही? स्वतः न बघता घेतलीत आणि खापर आमच्या माथी.

काचकाम_२२वर्षं
मी बसवणारा माणूस आहे. दोघेही रागावू नका, पण दोन वेगळी दुखणी एकाच नावाने सांगताय.

दिवे दोन दिसणं आणि गज वळवळणं हा काचेचा दोष. दोन काचा एकमेकींना नीट समांतर नसल्या की रात्री दिव्याची सावली पडते, आणि वाकवताना चूक झाली की लहर राहते. अशी काच मी परत पाठवतो. दुकानात काच उभी धरून तिच्यातून समोरच्या शटरच्या पट्ट्या बघितल्या की एका मिनिटात कळतं.

पाणी येणं हे मात्र शंभरातल्या नव्वद वेळा बसवणाऱ्याचं पाप. जुनी काच तारेने कापून काढताना पत्र्याचा रंग खरवडतो. तिथे प्रायमर लावला नाही तर आतून गंज धरतो आणि पीयू, म्हणजे काच चिकटवायचा गोंद, गंजाला चिकटून राहतं, पत्र्याला नाही. काही जण जुन्या पीयूवर सिलिकॉन फासून मोकळे होतात. सिलिकॉन बाथरूमच्या सिंकला लावायची वस्तू आहे, गाडीच्या काचेला नाही. कंपनीची काच आणून सिलिकॉनवर बसवली तर तीही गळणार. आणि एअरबॅगचं म्हणाल, तर काच जागेवर धरून ठेवतं ते पीयू. लोगो नाही धरून ठेवत.

दीड तासात गाडी ताब्यात दिली आणि पीयू धरेपर्यंत जपा असं काही सांगितलं नाही, तिथेच मला तो माणूस कळला.

ओन_डॅमेज
विम्याचा सर्व्हेयर म्हणून वीसेक वर्षं हेच बघतोय. सगळे खिशातून पैसे काढल्यासारखे का भांडताय? कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेवर घसारा शून्य, झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसलं तरी. रबर-प्लॅस्टिकला ५० टक्के कापतात, काचेला नाही. आपण भरायचा सक्तीचा वाटा १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यापुढे २,०००. म्हणजे क्लेम करायचाच असेल तर कंपनीची काच सोडून दुसरी घेण्यात काही अर्थच नाही.

पण क्लेम करावा का, हा वेगळा हिशेब. पाच वर्षं क्लेम नसेल तर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारा बोनस, ५० टक्के असतो. एका काचेसाठी तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५ असं चढत जावं लागतं. एनसीबी प्रोटेक्शन नसेल तर सात-आठ हजारांच्या काचेला क्लेम करू नका, असं मी घरच्यांनाही सांगतो.

मिरजकर_ताई
काचेचं तुमचं चालू द्या, मला एक कोणी सांगा. काच बदलली की फास्टॅगचं काय? मागच्या महिन्यात आमची काच बदलली. मुलाने टॅग सोलून काढला आणि पाकिटात ठेवला. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर तो हातात धरून दाखवला तर वाचेना. मागे रांग, हॉर्नवर हॉर्न, शेवटी रोख दुप्पट भरले. काच बदलणाऱ्या एकाही माणसाने आधी सांगितलं नाही की टॅग वाया जाणार.

काचकाम_२२वर्षं
ताई, टॅग सोलला की आतली अँटेना तुटते. बारीक पन्नी असते ती. म्हणून तो पुन्हा लावता येत नाही, आणि तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. मी गिऱ्हाइकाला आदल्या दिवशीच सांगतो की बँकेला कळवून बदली टॅग मागवा.

खडीमशीन_विरोधी
हेअर ड्रायरने गरम करून काढला तर अखंड निघतो. मी दोनदा केलंय.

रोजचा_प्रवासी
आणि लोकांना हे शिकवू नका. हातात टॅग धरून दाखवणाऱ्यांचे टॅग काळ्या यादीत टाकायचं एनएचएआयने (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने) जुलै २०२५ मध्ये जाहीर केलंय. एका गाडीला एकच टॅग, तोही काचेला चिकटलेला.

खडीमशीन_विरोधी
काळ्या यादीत आम्हाला टाकायचं, आणि ताडपत्री न टाकता खडी वाहणारे डंपर? त्यांना कोण टाकणार? मूळ रोग तो आहे. माझ्या तीन वर्षांत दोन काचा गेल्या, दोन्ही डंपरच्या मागे. दोन्ही वेळा नंबर टिपून तक्रार केली, हाती काही आलं नाही. तुम्ही लोगोवर भांडत बसलाय!

मिरजकर_ताई
डंपरचं पटतं, पण माझा प्रश्न राहिलाच. बदली टॅगसाठी बँकेत फोन केला तर आरसीचा फोटो द्या, दोन्ही बाजूंनी द्या, गाडीचा पुढून फोटो द्या. दिला, तर म्हणतात नंबर प्लेट अस्पष्ट. सासऱ्यांना दर पंधरा दिवसांनी पुण्याला तपासणीला न्यावं लागतं. अकरा दिवस टॅग नाही. त्या अकरा दिवसांत दोन फेऱ्या दुप्पट टोलने झाल्या.

ओन_डॅमेज
ताई, राष्ट्रीय महामार्गावर टॅग चालत नसेल तर रोख देऊ नका, यूपीआयने द्या. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयला सव्वापट लागतो, रोखीलाच दुप्पट.

मिरजकर_ताई
हे त्या बूथवरच्या मुलाने का नाही सांगितलं? चारचाकी घेतली म्हणजे पैसे झाडाला लागतात असं वाटतं का यांना?

घाटवाट
ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण विषय काचेचा होता. आणि टॅगचंच काढलंय तर सांगतो, काही गाड्यांच्या काचेवर उष्णता अडवणारा थर असतो, त्यातून टॅग वाचला जात नाही. म्हणून कंपनी आरशामागे तेवढी जागा मोकळी सोडते. बाहेरची काच घेताना हे कोण बघतं?

रोजचा_प्रवासी
तशा काचा महागड्या गाड्यांना असतात. तुमच्या हॅचबॅकला तो थर नव्हताच. उगाच लोकांना घाबरवू नका. हेच मी डीलरबद्दल म्हणत होतो.

घाटवाट
घाबरवतोय? पावसात रात्री घाट उतरताना समोरच्या ट्रकचे चार दिवे दिसतात, शेजारी आई बसलेली असते, तेव्हा काय वाटतं ते मला विचारा. तुमचा सल्ला वाचूनच मी बाहेर गेलो होतो. ही पोस्ट तुम्ही पहिल्यांदा लिहिलेली नाही, दोन वर्षांपूर्वीही हेच लिहिलं होतं.

रोजचा_प्रवासी
मग तेव्हाही ‘त्याच उत्पादकाची’ असंच लिहिलं होतं. अर्धं वाचून गेलात.

नाशिक_मुंबई_रोज
भांडण थांबवा आणि माझं ऐका. माझ्या गाडीला आरशामागे कॅमेरा आहे, लेन सांभाळतो, स्वतः ब्रेक मारतो. त्याच उत्पादकाची, बिनलोगोची काच बाहेर बसवली. काच स्वच्छ, पाणी नाही, आवाज नाही. पण कसारा घाटाच्या अलीकडे मोकळ्या रस्त्यावर गाडीने अचानक ब्रेक मारला. मागचा टेम्पो वाचला तो त्याच्या ड्रायव्हरमुळे. सर्व्हिस सेंटरला नेलं तर म्हणाले, काच बदलल्यावर कॅमेरा कॅलिब्रेट केलेलाच नाही. मोजलेल्या अंतरावर समोर बोर्ड लावतात, यंत्र जोडतात, मग कॅमेऱ्याला सरळ कुठे ते पुन्हा शिकवतात. बाहेरच्या दुकानात ते यंत्रच नव्हतं आणि त्याने मला ते सांगितलंही नाही.

काचकाम_२२वर्षं
कॅमेऱ्याची गाडी मी घेतच नाही, हात जोडून सर्व्हिस सेंटरला पाठवतो. तिथे कॅमेरा धरणाऱ्या कंसाची जागा दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी कॅमेरा भलतीकडे बघतो. आमच्या धंद्यातले काही जण ‘होतंय की’ म्हणून घेतात, त्यांनी घेऊ नये.

रोजचा_प्रवासी
कॅमेरा असलेल्या गाड्यांचं माझ्या पोस्टमध्ये नव्हतं. असायला हवं होतं. आज तेवढी ओळ घालतो. बाकीचा एकही शब्द मागे घेत नाही.

घाटवाट
मीही एक सांगतो, मनाविरुद्ध. आत्ता फोनमध्ये जुने फोटो शोधले. टॅग चिकटवताना काढलेल्या एका फोटोत त्या काचेचा कोपरा आलाय. मोठा करून पाहिला. आयएसआय आहे, पण वर ज्याचं नाव आहे ते मी कधी ऐकलेलं नाही. सेकुरिट नाही, एआयएस नाही. तेव्हा काचेच्या बाबतीत तुमचं ‘त्याच उत्पादकाची’ हे माझ्याकडून पाळलं गेलं नाही, आणि गळतीच्या बाबतीत काचकामदादांचं बरोबर असावं. तरीही माझ्या आईच्या गाडीला काच लागली तर मी कंपनीचीच घेणार. चार हजार जास्त गेले तरी चालतील, मला पुन्हा ते दोन दिवे बघायचे नाहीत.

रोजचा_प्रवासी
घ्या की. आईच्या गाडीला घ्या असं मीही म्हणेन. फक्त बसवणारा कोण हे सर्व्हिस सेंटरलाही विचारा. पुष्कळ ठिकाणी तेही बाहेरूनच माणूस बोलावतात.

काचकाम_२२वर्षं
हे खरं आहे. बोलावतात. मीच जातो तीन ठिकाणी.

कोल्हापूरला_निघालोय
सगळं वाचलं. उद्या सकाळी अकराला माझी काच बसणार आहे. संध्याकाळी बायको-मुलांना घेऊन कोल्हापूरला निघालो तर चालेल का? बाहेर पाऊस आहे.

काचकाम_२२वर्षं
उद्या नको, परवा सकाळी निघा. दमट हवेत पीयू उलट लवकर धरतं, पण पत्रा ओला असताना बसवलं तर धरत नाही. म्हणून शेडमध्ये, कोरडा पुसूनच बसवायला लावा. पीयूच्या नळीवर मुदत असते, ती नळी कापायच्या आत स्वतः वाचा. कडेच्या टेप एक दिवस काढू नका, गाडी धुऊ नका. आणि उद्या रात्रभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, गाडी छपराखाली लावून. सगळ्या खिडक्या बंद असताना दार आपटलं तर आतली हवा ताजी काच बाहेर ढकलते. मुलांना तेवढं आधीच सांगून ठेवा.