‘आडवळणाने बोलणे’ आणि पर्यायोक्ती एकच का?

प्रश्न (गोकुळपेठ)
मुलीच्या वहीत पर्यायोक्ती अलंकाराचं उदाहरण आहे: ‘त्याचे वडील सरकारी पाहुणचार घेत आहेत.’ म्हणजे तुरुंगात आहेत. इथपर्यंत ठीक. पण ती विचारते, मग पाल्हाळ, द्राविडी प्राणायाम, मोघम बोलणं, हे सगळं पर्यायोक्तीच का? मी गप्प. त्यात पुण्याचा भाचा म्हणतो, तुम्ही नागपूरकर ‘करतोय’ न म्हणता ‘करून राहिलो’ म्हणता, तीही पर्यायोक्तीच.

उत्तर (महाल)
आधी भाच्याचं. ‘करून राहिलो’ हा आमचा चालू काळ आहे, बाप्पा. त्यात काही झाकलेलं नाही. ‘काय करून राहिला बे?’ याच्याइतका सरळ प्रश्न मराठीत शोधून दाखवा म्हणावं.

आता ताईंच्या प्रश्नाचं. द्राविडी प्राणायाम म्हणजे समोरचं नाक धरायला डोक्यामागून हात फिरवणं. काम तेच, फक्त खांदा दुखतो. पाल्हाळात शब्द वाढतात, पण गोष्ट उघडीच असते. फक्त यायला उशीर लावते. पर्यायोक्तीत शब्द वाढलेच पाहिजेत असं नाही. ‘बांगडी वाढवली’ हे ‘बांगडी फुटली’पेक्षा लांब कुठे आहे? नेमका एक शब्द तोंडात येऊ द्यायचा नाही, एवढंच. दुकान वाढवणं, निघताना ‘येतो’ म्हणणं, रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणं, सगळं त्याच घरातलं.

उत्तर (धंतोली)
थोडी दुरुस्ती. बांगडी वाढवण्यात अशुभ टाळणं आहे, सौंदर्य नाही. रोज वापरून ती वळणं गुळगुळीत झालीत. अलंकार म्हणायचा तर ऐकणाऱ्याला क्षणभर थांबून अर्थ गाठावा लागला पाहिजे. ‘सरकारी पाहुणचार’ पहिल्यांदा ऐकणारा हसतो, कारण तो स्वतः तुरुंगापर्यंत चालत गेलेला असतो. संस्कृतात ‘पर्यायोक्त’ भामह या जुन्या काव्यशास्त्रकारापासून आहे, आणि तिथेही खूण हीच: सांगायचं ते सांगायचं, पण वेगळ्या वाटेने.

उत्तर (महाल)
दुरुस्ती मान्य, पण अर्धीच. वळणं गुळगुळीत झालेली असली तरी चुकतात. आमच्या आजीचंच घ्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा तिचा नेम. उखाण्यात तरी शेवटी नाव येतं. आजी तेही टाळायची. रेशन कार्डासाठी कारकुनाने विचारलं, ‘आजी, मालकाचं नाव?’ आजी म्हणाली, ‘स्टेशनाजवळच्या टेकडीवर बसले आहेत ना देव, तेच.’ कारकून नागपूरचाच. टेकडीचा गणपती त्याला कळला, आणि त्याने झोकात लिहिलं ‘गणेश’. आजोबा गणपत. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात कागदोपत्री एक गणेश राहत होते, साखरही उचलत होते. आडवळणाने वस्तू दाखवता येते, शब्द दाखवता येत नाही. हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने नाही, त्या कार्डाने शिकवलं.

उत्तर (सीताबर्डी)
मोघम राहिलं की! १९५३ च्या नागपूर करारामुळे आमच्याकडे हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा याचा नमुना फुकटात वाचायला मिळतो. ‘हे खरे आहे काय?’ उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे.’ कोणता अंश? मग ‘चौकशी करण्यात येत आहे.’ कोण करतंय? ‘करण्यात येत आहे’ या रचनेत कर्ता बसवायची गरजच पडत नाही, म्हणून ती कार्यालयांना इतकी प्रिय. याला मी पर्यायोक्ती म्हणणार नाही. पर्यायोक्तीवाल्याला वाटतं, तुम्ही अर्थापर्यंत यावं. मोघमवाल्याला वाटतं, येऊ नये. लग्नाच्या बोलणीतलं ‘पत्रिका जुळत नाही’ मात्र मोघम नाही हं. दोन्ही घरांना नीट कळलेलं असतं.

उत्तर (इतवारी)
मारबत कशी विसरलात भाऊ? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा मोठा पुतळा मिरवत ‘ईडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ओरडतात, आणि त्याच सुरात बडग्यांच्या, म्हणजे सोबतच्या टीकेच्या पुतळ्यांच्या, पाट्यांवर महागाई, खड्डे, पुढारी. बोलतात मारबतीशी, ऐकवतात तिसऱ्यालाच. पण याला लेकी बोले सुने लागे म्हणा. इथे वळण शब्दाचं नाही, कुणाला उद्देशून बोललं त्याचं आहे.

प्रश्नकर्ती (गोकुळपेठ)
सगळ्यांचे आभार. मुलीला वाचून दाखवलं. भाच्याला ‘बे’वालं तसंच्या तसं पाठवलं. मुलीने वहीतलं उदाहरण खोडून स्वतःचं लिहिलं: ‘काल बाबांनी सावजी रस्सा केला आणि घरातला माठ रिकामा झाला.’ बाबा खूष, उदाहरणात आपलं नाव आलं म्हणून. त्यांना अजून थांबून अर्थ गाठायचा आहे.